नवोदित वकिलाने विधी सेवेचे काम कसे सुरू करावे: पुण्यातील पहिल्या पाच वर्षांसाठी

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात सनद घेऊन नव्याने येणाऱ्या तरुण वकिलांना एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: आधी स्वतःचे बस्तान बसवा, चार पक्षकार जोडा, समाजसेवेचे पुढे पाहता येईल. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, कारण सुरुवातीच्या वर्षांची ओढाताण त्यांनीही सोसलेली असते. तरीही हा सल्ला मला मान्य नाही. सुरुवातीच्या काळात विचारपूर्वक निवडलेले आणि मन लावून केलेले विधी सेवेचे, म्हणजे गरजूंना विनामूल्य कायदेशीर मदत देण्याचे, काम वकिलाला जितके घडवते तितके दुसरे कोणतेही काम क्वचितच घडवते. मात्र ते काम कोणते निवडावे, किती घ्यावे आणि कसे करावे याचा विचार न करता केवळ उत्साहाच्या भरात उडी घेतली, तर पक्षकाराचे नुकसान होते आणि वकीलही लवकरच दमून बाजूला होतो.

पुण्याच्या वकिलीला या बाबतीत जुनी परंपरा आहे. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी हे व्यवसायाने वकील होते. १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला, आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला चालला तेव्हा सरकारी रोषाची पर्वा न करता त्यांचे वकीलपत्र घेतले. आजच्या नियमांतही हाच विचार आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांपैकी नियम ४६ असे सांगतो की, ज्याला खरोखर वकिलाची गरज आहे त्याला पुरेशी फी देता येत नसली तरी कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या आर्थिक स्थितीच्या मर्यादेत राहून निर्धन व पीडित व्यक्तींना विनामूल्य मदत करणे हे वकिलाच्या समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. आर्थिक स्थितीच्या मर्यादेचा त्यातील उल्लेख नवोदितांनी विशेष ध्यानात ठेवावा. त्याकडे पुढे येतो.

आधी पाया

अखिल भारतीय बार परीक्षा नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावी लागते. कामाच्या रगाड्यात ती लांबणीवर पडते, म्हणून पहिल्याच संधीला देऊन टाकावी.

सिनिअरची निवड हा पहिल्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. मोठे नाव आणि भरलेले चेंबर पाहून जाण्यापेक्षा दोन-तीन गोष्टी स्पष्टपणे विचारून घ्याव्यात. मला स्वतः मसुदे तयार करायला मिळतील का, आणि ते दुरुस्त करून परत मिळतील का? किरकोळ अर्जांवर तरी न्यायालयासमोर उभे राहण्याची संधी मिळेल का? विधी सेवेच्या कामासाठी आठवड्यातील एखादी दुपार मोकळी मिळेल का? शेवटचा प्रश्न संकोचामुळे बहुतेक जण विचारत नाहीत, परंतु रुजू होतानाच हे ठरले तर पुढे गैरसमज होत नाहीत. माझ्या पाहण्यात तरी, कामाची शिस्त असलेल्या सिनिअरनी या मागणीला सहसा नकार दिलेला नाही.

मानधनाचा विषयही याच वेळी काढावा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही, पण बोलणी सुरू करायला तिचा आधार घेता येतो. उलट, काम शिकवण्यासाठी कोणी ज्युनिअरकडूनच पैसे मागत असेल, तर ते बार कौन्सिलच्या नियमांनुसार अनुचित आहे आणि तिथून उठून येणेच योग्य.

पहिल्या सहा महिन्यांत रोजनामा वाचायला शिकावे, असे मी प्रत्येक ज्युनिअरला आवर्जून सांगतो. दाव्याच्या फाईलमध्ये निशाणी १ ला (निशाणी म्हणजे फाईलमधील कागदाला दिलेला क्रमांक) दावा असतो आणि निशाणी ५ ला बहुधा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो, हे सर्वांनाच लवकर कळते. पण प्रकरणाची खरी प्रकृती रोजनाम्यात दिसते. कोणत्या तारखेला कोण हजर होते, काय दाखल झाले, कोणता आदेश झाला आणि पुढची तारीख कशासाठी नेमली, हे सारे तिथे ओळीने लिहिलेले असते. समजा, लागोपाठ पाच तारखांना समन्सची बजावणी न झाल्याची नोंद आहे. नुसती सहावी तारीख डायरीत टिपून घेणारा वकील काहीच शिकत नाही. बेलीफाचा (समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा) भत्ता भरला होता का, बेलीफाने परत पाठवलेल्या समन्सवर कोणता शेरा मारला आहे, पत्त्यात इमारतीचे नाव राहिले आहे का, प्रतिवादी मधल्या काळात घर बदलून हडपसरहून चाकणला गेला आहे का, हे शोधून योग्य तो अर्ज देणारा वकील प्रकरण पुढे नेतो. विनामूल्य मदत मागायला येणाऱ्या पक्षकारांपैकी अनेकांचे प्रकरण आधीच कुठेतरी प्रलंबित असते आणि त्याचे काय चालले आहे हे त्यांना सांगता येत नाही. अशा वेळी सोळा अंकी सीएनआर क्रमांकावरून (प्रत्येक प्रकरणाला दिलेल्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून) ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सद्यःस्थिती पाहणे आणि मग मूळ फाईलमधील रोजनामा वाचणे, एवढ्याने पहिल्याच भेटीत त्यांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

मराठी मसुद्याकडे दुर्लक्ष करू नये. विधी महाविद्यालयांत शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते, तर महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजी मसुद्याचे मनातल्या मनात भाषांतर करून लिहिलेला अर्ज पक्षकाराला कळत नाही आणि न्यायाधीशांनाही खटकतो. जुन्या कैफियती, निकालपत्रे आणि खरेदीखते मुद्दाम वाचावीत. त्यांतील शब्दसंपदा आजही उपयोगी पडते.

कोणत्या वर्षी कोणते काम

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ हा या कामाचा कायदेशीर आधार आहे. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, आणि म्हणूनच ९ नोव्हेंबर हा राष्ट्रीय विधी सेवा दिन मानला जातो. त्यातील कलम १२ तोंडपाठ असावे. स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, आपत्तिग्रस्त, अटकेत किंवा तुरुंगात असलेल्या व्यक्ती या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सेवा मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला आधी उत्पन्नाचा दाखला आणायला सांगणारे वकील मी पाहिले आहेत. तिला तहसील कार्यालयात हेलपाटे घालायला लावण्याची काहीही आवश्यकता नसते, आणि हे तिला ठामपणे सांगणे हीसुद्धा सेवाच आहे.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसार तीन वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेल्या वकिलाला सामान्यतः पॅनेलवर, म्हणजे प्राधिकरण ज्यांना विनामूल्य प्रकरणे सोपवते त्या वकिलांच्या यादीत, घेतले जात नाही. ही अट योग्यच आहे, कारण गरीब पक्षकारावर नवशिक्याने हात साफ करून घ्यावा हे कोणत्याही न्यायव्यवस्थेला शोभणारे नाही. पण याचा अर्थ पहिली तीन वर्षे हातावर हात ठेवून बसावे असा होत नाही. या काळात पॅनेलवरील एखाद्या अनुभवी वकिलाला साहाय्य करावे. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिवाजीनगर येथील कार्यालयात जाऊन सचिवांना भेटावे, कायदेविषयक शिबिरांसाठी आणि तुरुंगभेटींसाठी कोणाची गरज आहे हे विचारावे, आणि सांगितलेल्या दिवशी न चुकता हजर राहावे. ज्या विधी महाविद्यालयात शिकलात तेथील विधी साहाय्य केंद्रातही माजी विद्यार्थ्यांची गरज असतेच. विद्यार्थ्यांनी तयार केलेले अर्ज तपासून देणे हे स्वतःच्या उजळणीचे उत्तम साधन आहे. राष्ट्रीय लोकअदालतीच्या तयारीतही पुष्कळ शिकायला मिळते. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही, त्यामुळे तडजोडीची प्रत्येक अट पक्षकाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय सही घेऊ नये. गर्दीच्या दिवशी नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

फौजदारी कामाची खरी ओढ असेल, तर विधी सेवा प्राधिकरणांच्या लोकअभिरक्षक योजनेचा, म्हणजे गरजू आरोपींचा बचाव करणाऱ्या वकिलांच्या योजनेचा, विचार करावा. तिच्यात मुख्य, उप आणि सहायक अशी पदे असतात आणि सहायकाचे पद तुलनेने कमी अनुभवाच्या वकिलांसाठी आहे. हे पूर्ण वेळ काम असते, मानधन ठरलेले असते आणि खासगी वकिली करता येत नाही. सत्र खटल्यांतील उलटतपासाचा जो सराव खासगी वकिलीत दहा वर्षांनीही मिळत नाही, तो इथे लवकर मिळतो. घरून आर्थिक पाठबळ नसलेल्या हुशार मुलामुलींनी याकडे दुय्यम वाट म्हणून पाहू नये.

येरवड्यातील कच्च्या कैद्याची फाईल

सरन्यायाधीशांच्या मोठ्या निकालांतून जे समजत नाही ते एका कच्च्या कैद्याच्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच तुरुंगात असलेल्या माणसाच्या, कागदांतून समजते, म्हणून हे काम थोडे जवळून पाहू. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, एम. एच. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात, कैद्याला अपिलासाठी वकील पुरवणे ही राज्याची जबाबदारी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पुढे खत्री प्रकरणात १९८१ मध्ये हा हक्क आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर प्रथम हजर करण्याच्या क्षणापासूनच सुरू होतो असे स्पष्ट झाले. म्हणजे रिमांडच्या वेळी उभा राहिलेला वकील हा औपचारिकता पूर्ण करण्यासाठी तिथे नसतो.

तुरुंगातील विधी सेवा केंद्रात प्राधिकरणामार्फत जाताना एक साधा कागद तयार ठेवावा. त्यावर अटकेची तारीख, पहिल्या रिमांडची तारीख, पोलीस ठाणे आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक, लावलेली कलमे व त्यांतील कमाल शिक्षा, दोषारोपपत्र दाखल झाल्याची तारीख, इतर प्रलंबित प्रकरणे, घरच्यांचा संपर्क आणि जामीन मंजूर झाला असल्यास त्याच्या अटी, एवढे भरावे. हा कागद नीट भरला की पुढची पावले आपोआप दिसू लागतात. कायद्यात ठरलेल्या साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार जामिनाचा हक्क निर्माण होतो. ही मुदत अटकेच्या तारखेपासून नव्हे, तर पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायची असते. आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज दिला नाही तर हा हक्क हातचा जातो. एका दिवसाच्या हिशेबावर एखाद्या माणसाची सुटका अवलंबून असते, म्हणून ही गणना कॅलेंडर समोर ठेवून दोनदा करावी.

त्यानंतर याच संहितेचे कलम ४७९ पाहावे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडण्याची त्यात तरतूद आहे, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीसाठी हा काळ एक तृतीयांश आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही, आणि एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटले प्रलंबित असतील तरीही अडचण येते. म्हणून इतर प्रकरणांची माहिती आधीच घ्यायची. ही संहिता लागू होण्यापूर्वी, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वी, नोंदवलेल्या गुन्ह्यांतील कच्च्या कैद्यांनाही या कलमाचा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी अवस्था मात्र वेगळीच आहे: जामीन मंजूर झालेला असतो आणि माणूस तरीही आतच असतो. बांधकामावर किंवा हॉटेलात काम करायला मराठवाड्यातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराला पुण्यात मालमत्ता असलेला जामीनदार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात यावर मार्ग सांगितला आहे. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात जामीनदार हजर करता आला नाही तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते. अशा प्रकरणात कैद्याची आर्थिक स्थिती सांगणारा दोन परिच्छेदांचा अर्ज, गावच्या सरपंचाचे किंवा मालकाचे पत्र मिळाल्यास ते, आणि जातमुचलक्यावर (कैद्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर) किंवा रोख रकमेवर सोडण्याची स्पष्ट विनंती, एवढे पुरेसे होते. यासाठी विद्वत्तेची गरज नाही. पाठपुरावा लागतो, आणि तो करायला तरुण वकिलाकडे वेळ असतो.

पोटगीच्या अर्जामागचे प्रतिज्ञापत्र

कुटुंब न्यायालयातील आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांतील कामात मुलाखतीचे कौशल्य तयार होते. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी उघड करणारे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक झाले आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही त्या निकालात सांगितले आहे. हे प्रतिज्ञापत्र भरून घेण्यातच अनेकदा प्रकरणाचे भवितव्य ठरते.

समजा, कर्वेनगरमधील चार घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा अर्ज आहे. उत्पन्नाच्या रकान्यात "गृहिणी, उत्पन्न नाही" असे सवयीने लिहिले, तर उलटतपासात प्रतिपक्षाचा वकील एकाच प्रश्नात त्यांना खोटे पाडतो आणि मग त्यांच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून बसून, घाई न करता विचारावे: कोणत्या घरी किती मिळतात, दिवाळीला काय मिळते, सुट्ट्यांचे पैसे कापतात का, खोलीभाडे किती, मुलांची शाळेची फी, रिक्षाचे पैसे, औषधे, भिशी, बचत गटाचा हप्ता, माहेरून घेतलेली उसनवारी. त्यांनी सांगितलेले आकडे लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवावेत. वाचताना त्या हमखास एखादी गोष्ट दुरुस्त करतात, आणि तीच गोष्ट बहुधा महत्त्वाची निघते. नवऱ्याच्या उत्पन्नाबाबत त्यांना नेमके माहीत नसेल तर अंदाज खरे म्हणून लिहू नयेत; तो कुठे काम करतो, पगार कोणत्या बँकेत जमा होतो, दुचाकीचा हप्ता कोण भरतो, गावाकडच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव आहे का, हे विचारून कागदपत्रे मागवण्याचा अर्ज द्यावा.

दोन तांत्रिक गोष्टी विसरू नयेत. पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचार यांसंबंधीच्या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना न्यायालयीन शुल्कातून १९९४ च्या अधिसूचनेने सूट मिळालेली आहे. आणि कुटुंब न्यायालयात वकिलाला हक्क म्हणून उभे राहता येत नाही. १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ मुळे न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे पक्षकाराला स्वतः बोलता येईल अशी तिची तयारी करून घेणे हा तिथल्या कामाचा मोठा भाग आहे.

स्वतःहून मदत करू पाहणाऱ्यांसाठी

प्राधिकरणाच्या बाहेरही काम आहे. हमाल पंचायत, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत अशा संघटनांमुळे असंघटित श्रमिकांनी एकत्र येण्याचा पुण्याला मोठा वारसा लाभला आहे. अशा संघटनेकडे, वस्तीतील मंडळाकडे किंवा बचत गटाकडे जाताना व्याख्यान तयार करून जाऊ नये. लोकांना कशाची अडचण आहे हे आधी ऐकावे. दाखल्यांवरील नावांतील तफावत, मयत नवऱ्याच्या नावावरची खोली, न मिळालेली मजुरी, कर्जवसुलीवाल्यांचा त्रास, असे विषय निघतील. मग महिन्यातील एक ठरावीक दिवस आणि ठरावीक वेळ द्यावी आणि ती वर्षभर पाळावी. एकदाच घेतलेल्या भव्य शिबिराने छायाचित्रे चांगली मिळतात, पण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वकीलताई येतात हे वस्तीला कळले की लोक कागद जपून ठेवायला लागतात, नोटीस आली की फेकून न देता दाखवायला लागतात. हा बदल मी फार मोलाचा मानतो.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे ज्ञान पुण्यात विशेष उपयोगी आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते आणि तिच्यावर एक बाहेरचा सदस्य असतो. हिंजवडी-खराडीतील कंपन्या यासाठी जाणकार व्यक्ती शोधत असतात आणि त्याचे मानधनही देतात. घरकामगार स्त्रीला मात्र जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते, आणि ही समिती अस्तित्वात आहे हेच बहुतेकींना माहीत नसते. एकीकडच्या अनुभवाचा दुसरीकडे उपयोग करता येईल असे हे क्षेत्र आहे. तक्रारीसाठी तीन महिन्यांची मुदत असते आणि समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, एवढे तरी प्रत्येक वस्तीत पोहोचायला हवे.

जपायच्या मर्यादा

आता आर्थिक स्थितीच्या मर्यादेबद्दल. ज्याच्या खोलीचे भाडे थकले आहे त्याने एका वेळी दहा विनामूल्य प्रकरणे घेऊ नयेत. माझ्या मते पहिल्या तीन वर्षांत एका वेळी दोन, फार तर तीन प्रकरणांची जबाबदारी पुरेशी आहे, पण त्या प्रकरणांची डायरी फी देणाऱ्या पक्षकारांच्या डायरीइतकीच काटेकोर असली पाहिजे. विनामूल्य प्रकरणातली तारीख चुकवून खासगी प्रकरणाला धावणे हा पक्षकाराचा विश्वासघात आहे, मग त्याने एक रुपयाही दिलेला नसो. प्राधिकरणाने नेमलेल्या प्रकरणात पक्षकाराकडून कोणत्याही नावाखाली पैसे घेता येत नाहीत. झेरॉक्स आणि टायपिंगच्या नावाखालीही नाही. तसे केल्यास पॅनेलवरून नाव कमी होते आणि गैरवर्तनाची कारवाईही होऊ शकते.

शिबिरात व्हिजिटिंग कार्ड वाटू नये. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला काम मिळवण्यासाठी जाहिरात किंवा याचना करता येत नाही, आणि शिबिरात आलेल्या माणसाला आपल्या चेंबरकडे वळवणे याच नियमात बसते. त्याला फी देणारा वकील हवा असेल तर तो स्वतः शोधेल. तुमच्याकडे त्याने यायचे असेल तर तो तुमच्या कामावरून येईल. समाजमाध्यमांवर पीडितेचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील टाकणे हा तर अक्षम्य प्रकार आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

आपल्याला न येणारे काम घेऊ नये, आणि नाही म्हणताना माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. मुदत किती उरली आहे ते त्याला तारखेसह लिहून द्यावे, १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक द्यावा, आणि शक्य असल्यास योग्य वकिलाकडे स्वतः नेऊन बसवावे.

तीन वर्षांनंतर

इतके काम झाल्यावर कोणत्या विषयात आपले मन रमते हे कळू लागते. पुण्यात वाव मोठा आहे: कामगार आणि सहकार न्यायालये, ग्राहक आयोग, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ, हे सारे इथेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत नाही. रिट याचिका आणि अपिलांसाठी आपल्याला मुंबईच गाठावी लागते. म्हणून मुंबईत वकिली करणाऱ्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याशी आधीपासून संबंध ठेवावेत, कारण खालच्या न्यायालयात हरलेल्या विनामूल्य पक्षकाराचे अपील वेळेत तिथे पोहोचवणे ही तुमचीच जबाबदारी असते. निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज द्यावा. नक्कल मिळण्यास लागलेला काळ मुदतीच्या गणनेतून वगळला जातो, पण अर्ज देण्यात घालवलेला काळ वगळला जात नाही.

मध्यस्थीचे चाळीस तासांचे प्रशिक्षणही या टप्प्यावर घ्यावे. मुलाखतीची सवय झालेल्या वकिलाला ते सोपे जाते, आणि मध्यस्थी अधिनियम २०२३ नंतर त्या कामाला पुढे चांगला वाव राहील असे मला वाटते.

कधीतरी पॅनेलची मुदत संपेल, शहर बदलेल किंवा दुसरी जबाबदारी येईल. अशा वेळी पुरेशी सूचना देऊन प्रकरण सोडावे आणि पुढच्या वकिलासाठी एक पानी टिपण लिहावे: प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, कोणता अर्ज प्रलंबित आहे, कोणती मुदत कधी संपते, कोणती मूळ कागदपत्रे पक्षकाराला परत केली आणि त्यांची पोच कुठे आहे, पक्षकाराशी बोलताना कोणती भाषा वापरावी आणि कोणत्या वेळी फोन करावा. त्या टिपणाची एक प्रत पक्षकारालाही द्यावी आणि नव्या वकिलाशी त्याची गाठ घालून दिल्यावरच वकीलपत्र मागे घेण्याची पुरशिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) दाखल करावी.